सात पावसांची कारवी

मुंबईहून पुण्याला जाणारी आगगाडी कर्जत सोडून घाट चढूं लागली कीं, डब्यांतील मंडळी खिडकीशीं सरसावतात. कोणी धबधबे पाहतो, कोणी बोगदे मोजतो, कोणी दरीच्या तळाशीं दिसणारीं चिमुकलीं घरें मुलांना दाखवितो. उतारावर पुरुषभर उंचीची जी हिरवी दाटी उभी असते, तिच्याकडे मात्र सहसा कोणाची दृष्टि जात नाहीं. जाण्याचें कारणहि नसतें. पावसाळ्यांत ती हिरवी असते, आणि पावसाळ्यांत घाटांत हिरवें काय नसतें? पुढें थंडी ओसरली कीं तिचीं पानें करपतात, गळतात, आणि चैत्र-वैशाखांत तेथें नुसत्या करड्या काटक्यांचा फड उभा राहतो. तो पाहून हें झुडूप मेलें, असें कोणीहि म्हणेल. ज्येष्ठांत पाऊस पडतो, आणि त्याच काटक्यांना पुन्हां पालवी फुटते. असें एक वर्ष जातें, दोन जातात, पांच जातात. फुलाचा पत्ता नसतो. मग एका श्रावणांत तोच सबंध उतार एकाएकीं निळा-जांभळा होऊन जातो.

ही कारवी. सह्याद्रीच्या रानांत फुलझाडें शेंकड्यांनीं आहेत. त्यांतलीं बहुतेक आपापल्या ऋतूंत वर्षाच्या वर्षाला फुलतात. तेरडा, सोनकी, कळलावी यांची वाट कोणाला फार दिवस पाहावी लागत नाहीं. कारवीचें तसें नाहीं. ती जन्मांत एकदांच फुलते, आपल्या सगळ्या शेजारणींबरोबर फुलते, आणि बीज धरलें कीं मरते. आयुष्याचा हा विलक्षण हिशेब समजून घेतल्याशिवाय तिचें फूलहि नीट समजत नाहीं आणि तिच्यावर येणारें संकटहि समजत नाहीं.

कारवी हें उघड्या माळावरचें झाड नव्हे. तिला डोक्यावर वृक्षांची विरळ सांवली लागते आणि पायाखालीं उतार लागतो. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, अंजनी अशा झाडांच्या तळाशीं, जेथें पाऊस धो धो कोसळतो पण पाणी साचून राहत नाहीं, अशा डोंगरउतारावर ती एकमेकींना खेटून उभी राहते. उत्तरेस डांगच्या जंगलापासून सह्याद्रीची पश्चिमेकडील बाजू धरून ठाणें, रायगड, रत्नागिरी, गोवें आणि पुढें कारवारकडील घाटापर्यंत तिचें राज्य आहे. माथेरान, खंडाळा, भीमाशंकर, माळशेज, ताम्हिणी, महाबळेश्वर हीं नांवें शहरांतल्या माणसाला हवा खाण्याचीं ठिकाणें म्हणून ठाऊक असतात. तीं सारीं कारवीचीं माहेरघरें आहेत. फार लांब जावयाचें नसेल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत कान्हेरीच्या लेण्यांभोंवतीं किंवा ठाण्याजवळ येऊरच्या डोंगरावर ती भरपूर आहे. मुंबईसारख्या महानगराच्या हद्दींत असें रान शिल्लक आहे, याचें श्रेय पुष्कळसें त्या डोंगराच्या चढालाच दिलें पाहिजे. सपाटी असती तर तेथें केव्हांच चाळी उठल्या असत्या.

जागेची ही निवड निष्कारण नाहीं. महाबळेश्वरास वर्षाकांठीं दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. अशा पावसांत उघड्या उताराची माती पहिल्या पंधरवड्यांतच ओढ्याला मिळावयाची. कारवीच्या दाटींत पावसाचा थेंब आधीं वृक्षाच्या पानावर, मग कारवीच्या रुंद पानावर आणि मग कुजलेल्या पाल्यावर पडतो. जमिनीला त्याचा मार बसत नाहीं. तिच्या मुळ्यांचें जाळें खालची माती धरून ठेवतें. गडकिल्ल्यांच्या निसरड्या वाटेवर ज्यांनीं कारवीच्या काठीला धरून स्वतःला सांवरलें असेल, त्यांना या मुळ्यांच्या बळाबद्दल अधिक सांगावयास नको.

झुडूप ओळखण्यास अवघड नाहीं. सहा-आठ फूट उंची नेहमींची. चांगल्या जागीं तें वीस फुटांपर्यंतहि जातें. पानें मोठीं, समोरासमोर जोडीनें आलेलीं, कडेला करवतीसारखे बारीक दांते असलेलीं आणि हाताला खरखरीत. काठी सरळ, बोटाएवढी किंवा मनगटाहून बारीक, आणि तिच्या सालीवर चामखिळीसारखे बारीक उंचवटे. या खडबडीतपणावरूनच तिला शास्त्रीय नांव मिळालें. १८३२ सालीं नीस फॉन एझेनबेक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें तिचें नामकरण केलें तें स्ट्रोबिलॅन्थिस कॅलोसा असें. कॅलोसा म्हणजे घट्टे पडलेली. स्ट्रोबिलॅन्थिस म्हणजे शंकूसारखा फुलोरा असणारी. पुढें १९४४ सालीं ब्रेमेकांप या डच पंडितानें या मोठ्या कुळाची नव्यानें वांटणी केली तेव्हां आपल्या कारवीसाठीं एक स्वतंत्र शाखा काढली आणि तिला नांव दिलें कार्विया. मावळांतल्या आणि कोंकणांतल्या माणसांच्या तोंडचा शब्द असा थेट लॅटिनच्या पंक्तीला जाऊन बसला. अलीकडील अभ्यासकांनीं कारवीला पुन्हां जुन्या कुळांत परत नेलें आहे, तथापि कार्विया हें नांव पुष्कळ ग्रंथांतून अजून आढळतें.

आतां वर्षांच्या हिशेबाकडे वळावें. लोक बोलतांना कारवी सात वर्षांनीं फुलते असें म्हणतात. वर्तमानपत्रांत कधीं सात छापलेलें असतें, कधीं आठ. आणि वाचणाऱ्याला वाटतें कीं, यांपैकीं एक कोणी तरी चुकला असावा. वास्तविक दोन्ही आंकडे बरोबर आहेत, फक्त मोजणीची सुरुवात निराळी आहे. बोरिवलीच्या उद्यानाचेंच उदाहरण घ्या. तेथें कारवी २००८ सालीं फुलली, नंतर २०१६ सालीं आणि त्यानंतर २०२४ सालीं. फुलोऱ्यापासून फुलोऱ्यापर्यंत मोजलें तर आठ वर्षें होतात. परंतु २००८ च्या फुलांचें बीज त्या वर्षीं जमिनींत पडलेंच नाहीं. तें वाळलेल्या झुडपावर बोंडांतच राहिलें आणि २००९ च्या पावसांत रुजलें. त्या रोपानें २००९ पासून २०१५ पर्यंत सात पावसाळे नुसतीं पानें धरलीं आणि आठव्या पावसाळ्यांत फूल दिलें. झाडाचें वय पाहावयाचें तर सात वर्षें पुरीं. फुलांमधील अंतर पाहावयाचें तर आठ. मधलें एक वर्ष आईच्या वाळल्या फांदीवर निजून गेलेलें असतें. या एका वर्षाचें महत्त्व पुढें दिसेल.

सगळ्या सह्याद्रींतील कारवी एकाच वर्षीं फुलते असें मात्र नव्हे. प्रत्येक मुलखाचें आपलें वर्ष असतें. एका खोऱ्यांतली कारवी फुलली असतां दुसऱ्या खोऱ्यांतली अजून तीन वर्षांची पोर असूं शकते. शिवाय मोठ्या फुलोऱ्याच्या आधींच्या किंवा नंतरच्या वर्षीं चार-दोन चुकार झुडुपें फुललेलीं दिसतात. त्यामुळें दरवर्षीं कोणी ना कोणी कुठें तरी कारवी फुललेली पाहतोच, आणि तिच्या सात वर्षांच्या नेमाविषयीं शंका घेतो. शंका घेणाऱ्यानें एकच डोंगर धरून ठेवावा आणि थोडा धीर धरावा.

फुलण्याच्या वर्षीं श्रावण लागतां लागतां फांद्यांच्या टोंकांना आणि पानांच्या बगलेंत लांबट कणसें येतात. त्यांवर गोल टोप्यांसारखीं लहान पानें एकावर एक बसविलेलीं असतात, लवयुक्त आणि चिकट. त्या चिकट्याला उग्र वास असतो. रानांतून नुसतें चालत गेलें तरी कपड्यांना तो लागतो आणि घरीं आल्यावरहि जात नाहीं. या टोप्यांतून फुलें बाहेर पडतात. फूल दीड इंचाच्या आसपास, नरसाळ्यासारखें, पांच पाकळ्यांच्या कडेचें. रंग निळ्याकडे झुकणारा जांभळा, घशांत लव. क्वचित् एखाद्या झुडपाला पांढरींहि येतात. एक फूल हातांत घेतलें तर तें सुंदर आहे, पण डोळे दिपावेत असें नाहीं. कारवीचें वैभव एका फुलांत नाहीं. तें सबंध डोंगरांत आहे. धुकें किंचित् वर सरकावें, समोरचा उतार उघडा व्हावा आणि ओढ्यापासून कड्यापर्यंत एकच रंग दिसावा, हें दृश्य भाद्रपद संपेपर्यंत, कधीं त्याच्याहि पुढें, चालू असतें.

माणसांच्या आधीं या दृश्याची वार्ता मधमाश्यांना लागते. कड्यावर पोळीं लावणाऱ्या आग्या माश्या आणि झाडाच्या ढोलींत राहणाऱ्या, पेट्यांतून पाळतां येणाऱ्या सातेरी माश्या, दोन्ही त्या महिन्या-दीड महिन्यांत कारवीखेरीज दुसरीकडे फारशा पाहत नाहींत. महाबळेश्वराकडील मधपाळ कारवीचें वर्ष बोटावर मोजून ठेवतात. इतर वर्षीं जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा यांच्यावर त्यांची मदार असते. कारवीच्या वर्षीं मात्र घरांतलीं सगळीं भांडीं बाहेर काढावीं लागतात. हा मध दाट आणि गडद रंगाचा असतो, आणि ज्याला त्याची चव ठाऊक आहे तो दुसऱ्या मधाला कारवीचा मध म्हणून सहसा फसत नाहीं. २०२२ सालीं महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर या गांवाला "मधाचें गांव" म्हणून मान मिळाला. त्या गांवच्या मधाच्या मागें जंगलाच्या ज्या फुलांची पुण्याई उभी आहे, त्यांत कारवीचा वांटा मोठा आहे.

फुलें झडलीं कीं टोप्यांच्या आंत बोंडें धरतात. झुडूप आतां खरोखर मरूं लागलेलें असतें, पण बोंडें उघडत नाहींत. हिंवाळा जातो, उन्हाळा जातो. बोंडें अधिकाधिक वाळत राहतात आणि त्यांचीं दोन्ही शकलें आंतल्या आंत ताणलीं जातात. मग ज्येष्ठांत पहिला दमदार पाऊस येतो. भिजतांच शकलांची जोड सैल पडते, साठलेला ताण सुटतो, आणि बोंड तडकून दुभंगतें. आंत प्रत्येक बीजाखालीं एक लहानसा आंकडा असतो. त्या आंकड्याच्या झटक्यानें बीज दूर फेंकलें जातें. एका बोंडाचा हा आवाज नखानें नख वाजवावें एवढाच. परंतु सबंध उतारावर लाखों बोंडें एकाच सरींत तडकूं लागलीं म्हणजे पावसाच्या आवाजांतूनहि तो तडतडाट स्पष्ट ऐकूं येतो. लाह्या फुटाव्या तसें रान वाजतें. बीज भिजलेल्या मातीवर पडतें, आणि कांहीं दिवसांतच जुन्या काटक्यांच्या खालीं हिरव्या रोपांची सतरंजी अंथरलेली दिसते. बीज बाहेर पडण्याची वेळ आणि रुजण्याची वेळ यांची इतकी चोख सांगड फार थोड्या झाडांनीं घातली असेल.

इतकें सगळें एका वर्षाच्या बाजीवर लावण्यांत कारवीला काय मिळतें? दरवर्षीं थोडें थोडें फुलणें अधिक शहाणपणाचें नव्हे काय? या प्रश्नाचें मार्मिक उत्तर डॅनियल जान्झेन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७६ सालीं बांबूच्या फुलण्यावर लिहितांना मांडलें. रानांत बीज खाणारे पुष्कळ असतात : उंदीर, किडे, पांखरें. दरवर्षीं बेताचें बीज आलें तर तेवढ्यावर पोसणारे प्राणीहि दरवर्षीं बेताचे टिकून राहतात, आणि बीज शेवटीं शिल्लक कांहींच राहत नाहीं. उलट कित्येक वर्षें कांहींच आलें नाहीं तर या खाणाऱ्यांची संख्या वाढत नाहीं. आणि मग एकदम अपार बीज आलें म्हणजे सर्वांनीं आकंठ खाऊनहि तें संपत नाहीं. उरलेलें रुजतें. जें झाड या नेमाला चुकून एकटेंच भलत्या वर्षीं फुलेल, त्याचें बीज पाहुण्यांच्या पोटांत जाईल, आणि त्याच्याकडे मधमाश्याहि झुंडीनें येणार नाहींत. अशा झाडाचा वंश वाढत नाहीं, म्हणून नेम पिढ्यान् पिढ्या अधिक घट्ट होत जातो. बांबूला किंवा कारवीच्या कुळांतील झुडपांना बीज आलें कीं रानकोंबडे त्या भागांत गोळा होतात, हें पक्षिनिरीक्षकांनीं पूर्वींच टिपून ठेवलेलें आहे. म्हणजे मेजवानीची बातमी रानांत पसरते खरी. पण अन्न पाहुण्यांच्या मानानें फार अधिक असतें.

बांबू फुलला कीं दुष्काळ पडतो, हा समज खेड्यापाड्यांतून ऐकूं येतो. तो पोकळ नाहीं. मिझोरामांत एका जातीचा बांबू अठ्ठेचाळीस वर्षांनीं फुलतो. १९५९ आणि २००७ सालीं तो फुलला असतां त्याच्या बीजावर उंदीर माजले आणि त्यांनीं पुढें शेतें फस्त केलीं. आपली कारवी तेवढी उपद्रवी नाहीं. तिची जवळची बहीण दक्षिणेंत आहे, ती नीलकुरिंजी. केरळांतील मुन्नारच्या परिसरांत ती बारा वर्षांनीं फुलते. १९९४, २००६ आणि २०१८ हीं तिचीं अलीकडील वर्षें. मराठींत ज्याला एक तप म्हणतात, तेवढें तिचें आयुष्य. प्राचीन तमिळ काव्यांत डोंगराळ प्रदेशाला आणि त्या प्रदेशाच्या प्रेमकवितेला याच फुलावरून नांव मिळालें आहे, आणि तेथील पळियन लोक माणसाचें वय कुरिंजीच्या फुलोऱ्यांवरून मोजीत असत, असें सांगतात. २००६ सालीं केरळ सरकारनें तिच्यासाठीं एक स्वतंत्र अभयारण्यच राखून ठेवलें. आपल्याकडे कारवीच्या नांवानें अभयारण्य नाहीं. तिला मराठी कवींनीं कुरिंजीएवढें मानाचें पान दिलें असेंहि म्हणतां येणार नाहीं.

कवींनीं दिलें नसेल, परंतु घरांनीं दिलें आहे. कोंकणांत आणि मावळांत कुडाचें घर म्हणजे काय, हें निदान मागच्या पिढीला तरी समजावून सांगावें लागत नसे. मेढी रोवावयाच्या, त्यांच्यामध्यें कारवीच्या सरळ काठ्या शेजारीं शेजारीं उभ्या करावयाच्या, आडव्या काठ्यांनीं त्या वेलींनीं किंवा बांबूच्या कांबीनें आवळावयाच्या, आणि दोन्ही बाजूंनीं शेणमातीचा गिलावा द्यावयाचा. झाली भिंत. ती उन्हाळ्यांत तापत नाहीं, भूकंपांत अंगावर कोसळून जीव घेत नाहीं, आणि पावसानें खरडली तर घरांतलींच माणसें ती पुन्हां लिंपतात. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली या डोंगरांतल्या लोकांचीं घरें पिढ्यान् पिढ्या अशा भिंतींनीं उभीं राहिलीं. डहाणू-जव्हारकडे वारल्यांच्या घरीं लग्नाचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठानें लिहितात, तो गेरू-शेणानें सारविलेल्या याच कुडावर. वारली चित्रें हल्लीं कागदावर आणि कापडावर जगभर जातात. त्यांची पहिली पाटी कारवीची होती, हें चित्र विकत घेणाऱ्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असतें. याशिवाय परसांतलें कुंपण, दोडक्या-कारल्याचा मांडव, टोमॅटोच्या रोपाला आधार, चुलींतलें जळण, सगळीकडे ही काठी लागते.

आणि येथेंच आयुष्याच्या हिशेबांतलें तें मधलें एक वर्ष पुढें येतें. इतर वर्षीं रानांतून कारवीच्या मोळ्या गेल्या तरी दाटी मोठी असते. उरलेलीं झुडुपें सातव्या वर्षाच्या पलीकडे पोंचतात आणि फुलतात. परंतु फुलोरा आटोपल्यापासून पुढच्या ज्येष्ठापर्यंतचे जे आठ-नऊ महिने, त्यांत त्या उतारावरची कारवीची सगळी पुढची पिढी वाळल्या काटक्यांवर, जमिनीपासून चार हात उंच, अधांतरीं टांगलेली असते. खालीं तरणीं रोपें नसतात. धाकटी भावंडें नसतात. आजोबा, बाप आणि नातू एकाच घरांत नांदावेत तसें वृक्षांच्या रानांत असतें. एक पिढी गेली तर दुसरी तिची जागा घेते. कारवीच्या रानांत एका वेळीं एकच पिढी असते. त्या महिन्यांत उतारावर वणवा फिरला तर सात पावसांची पुंजी एका दुपारींत खाक होते.

हे महिने नेमके वणव्याचे महिने आहेत, ही कारवीची दुर्दशा. माघापासून वैशाखापर्यंत सह्याद्रींत गवत वाळलेलें असतें. कोणी नवें गवत चांगलें येईल या समजुतीनें काडी लावतो, कोणी विडीचें थोटूक टाकतो, कोणी रात्रीं गडावर शेकोटी करून सकाळीं ती तशीच सोडून जातो. मेलेल्या, चिकट्यानें भरलेल्या, सांपळ्यासारख्या कोरड्या कारवीला पेट घेण्यास वेळ लागत नाहीं. आणि या मेलेल्या काटक्या निरुपयोगी दिसतात, म्हणून त्याच वर्षीं त्या तोडून नेण्याचा मोहहि सर्वांत अधिक होतो. वस्तुतः त्या काटक्या तेव्हां रिकाम्या नसतात. पहिल्या पावसानंतर बोंडें रिकामीं झाल्यावर त्या तोडल्या तर कोणाचें कांहींच बिघडत नाहीं.

रान जाळल्यानें एका पिढीचें नुकसान होतें. डोंगर सपाट केल्यानें मात्र पुढें कोणतीच पिढी राहत नाहीं. शहरांजवळच्या घाटांत उतार पायऱ्यापायऱ्यांनीं कापून बंगल्यांचे भूखंड पाडण्याचें काम गेल्या कांहीं दशकांत जोरानें चाललें आहे. कारवीसाठीं तर हा दुहेरी घाव आहे, कारण जमीन पाहावयास येणाऱ्या माणसाला सहा वर्षें तिथें नुसतें झुडपांचें "जंगली माजलेलें रान" दिसतें. फुलाचें वर्ष येण्यापूर्वींच तें साफ झालेलें असतें. आणि फुलाचें वर्ष आलेंच तर निराळीच माणसें येतात : छायाचित्रासाठीं दाटींत घुसून फांद्या मोडणारीं, जुडगे बांधून घरीं नेणारीं. राष्ट्रीय उद्यानांत फूल तोडणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. पण सह्याद्रींतली पुष्कळशी कारवी उद्यानांच्या हद्दीबाहेर आहे. कापलेली कारवी फुलदाणींत शोभतहि नाहीं. पाकळ्या गळतात आणि उग्र वास तेवढा दिवाणखान्यांत राहतो.

कारवी मेल्यावर त्या उतारावर जें घडतें, तेंहि पाहण्यासारखें असतें. सात वर्षें तिच्या दाटीखालीं उजेड जेमतेम पोंचत होता. ऐन-जांभळाचीं रोपें रुजत, पण कोंदून राहत. कारवी वाळतांच त्यांच्या अंगावर प्रथमच मोकळें ऊन पडतें आणि नवी कारवी कमरेला येण्याच्या आंत त्यांतलीं जोमदार रोपें डोकें वर काढून घेतात. उद्यांचा वृक्ष असा कारवीच्या दोन पिढ्यांच्या फटींतून वर येतो.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर जाणारे प्रवासी तेथें फुललेली कारवी पाहिल्याचें सांगतात, ती बहुतेक वेळां टोपली कारवी असते. हीहि त्याच कुळांतली आणि सात वर्षांच्या नेमाची. पण बेतानें वाढणारी, उलटी टोपली ठेवावी तशी गोल झुडपांची, वाऱ्याच्या उघड्या पठारावर राहणारी. कास पठार २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसास्थळांत गेलें, त्यामुळें ही धाकटी बहीण थोरलीपेक्षां अधिक प्रसिद्ध झाली आहे. दोघींत गल्लत करूं नये. थोरली सांवलींतली आणि उताराची आहे.

फुलाचें वर्ष नसलें तरी कारवी पाहतां येते. पावसाळ्यांत पान उलटें-सुलटें करून त्याच्या खरखरीतपणावरून, उन्हाळ्यांत काठीच्या सालीवरच्या चामखिळींवरून. काठ्यांवर वाळलेल्या टोप्यांचीं कणसें दिसलीं तर फुलोरा नुकताच होऊन गेला, असें समजावें, आणि तीं हलवून पाहूं नयेत. खालीं सतरंजीसारखीं रोपें दिसलीं तर पहिलें वर्ष. बोरिवली-येऊरच्या डोंगरांवर २०२४ च्या फुलांचें बीज २०२५ च्या पावसांत रुजलें. त्या रोपांचा आठवा पावसाळा २०३२ चा.